जहाजावर नेलेला छोटा स्ट्रेटनर आणि नाहक वाहिलेला ड्रायर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी गेली अकरा वर्षे ब्युटी पार्लर चालवते, त्यामुळे केस सरळ करण्याची, कुरळे करण्याची आणि वाळवण्याची बरीच यंत्रे हाताखालून गेली आहेत. तरीही घराच्या मीटरवर चालणारे यंत्र समुद्रावरच्या जहाजात कसे वागते, याची मला काहीच कल्पना नव्हती. दिवाळीनंतर, सोयाबीन घरात आल्यावर, नणंदेच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त भाच्याने सर्वांची मुंबई–गोवा–लक्षद्वीप अशी चार रात्रींची क्रूझ ठरवली आणि सोहळ्याच्या रात्री ताईंचे केस मीच करायचे, हेही घरात परस्पर ठरून गेले. त्यासाठी मी तीन वस्तू बरोबर घेतल्या होत्या: पार्लरमधला 1200 वॉटचा ड्रायर, साडेअकराशे रुपयांना घेतलेला 35 वॉटचा छोटा प्रवासी स्ट्रेटनर आणि चार पॉइंटांचा एक्स्टेन्शन बोर्ड. परीक्षण मुख्यतः स्ट्रेटनरचे असले, तरी उरलेल्या दोघांनी जे शिकवले ते सांगितल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही.

सुरुवात बोर्डापासून करावी लागते, कारण तो जहाजात पोहोचलाच नाही. बडनेऱ्याहून अमरावती एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरून आम्ही जवळच्याच बॅलार्ड पिअरला गेलो. तिथे सामान यंत्रातून जाताना माझी बॅग बाजूला काढण्यात आली आणि बोर्ड बाहेर काढून, त्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधून, तो ठेवून घेण्यात आला. ड्रायर आणि स्ट्रेटनर मात्र त्या माणसाने उलटसुलट पाहून परत दिले. कपड्यांची इस्त्री, चहाची किटली, पाणी तापवायचा रॉड आणि एक्स्टेन्शन बोर्ड बहुतेक प्रवासी जहाजांवर चालत नाहीत, केसांची साधने मात्र साधारणपणे चालतात. तरीही प्रत्येक कंपनीची यादी तिकिटाबरोबर येते आणि ती आधी वाचावी. आम्ही ती वाचली नव्हती. माझी तक्रार एवढीच की, बोर्ड का चालत नाही हे तिथे कोणीही सांगितले नाही; 'नियम आहे' एवढ्यावर बोळवण झाली.

कारण पुढे आमच्या ह्यांनी समजावून दिले. त्यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे आणि गावातले निम्मे पाणबुडी पंप त्यांच्याकडेच दुरुस्तीला येतात. आपल्या घरात दोन तारांपैकी एकीत फेज असतो आणि दुसरी न्यूट्रल असते, जी जमिनीशी जोडलेली असते. जहाजात जमीन नसते, असतो तो लोखंडी सांगाडा, आणि बहुतेक जहाजांवर वीजपुरवठ्याची कोणतीही तार मुद्दाम त्याला जोडलेली नसते, म्हणजे दोन्ही तारा 'जिवंत' धराव्या लागतात. व्होल्टेज अचानक वाढले तर उपकरण वाचवणारा जो भाग चांगल्या बोर्डांत बसवलेला असतो, तो तारेतली जादा वीज अर्थिंगकडे वळवतो. जहाजाच्या वायरिंगमध्ये कुठे दोष निर्माण झाला, तर हाच भाग सतत तापत राहून पेट घेऊ शकतो. शिवाय अशा बोर्डाचे बटण किंवा ट्रिप (जादा भार आला की आपोआप पडणारे बटण) बहुधा एकच तार तोडते, दुसरी तशीच जिवंत राहते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने याच धोक्याबद्दल 2013 मध्ये इशारा काढला होता. म्हणजे आपण ज्याला सुरक्षित म्हणून जास्त पैसे मोजतो, तोच बोर्ड तिथे अधिक धोक्याचा ठरतो, आणि भर समुद्रात आगीला पाठ दाखवून पळायला वावर नसते, हे ह्यांचे वाक्य मला पटले.

आता ड्रायर. खोलीत आरशाशेजारी दोन प्रकारचे पॉइंट होते: एक चपट्या दोन पिनांचा, ज्यावर 110 व्होल्ट लिहिले होते, आणि एक गोल पिनांचा, खोलगट वाटीसारखा, 220 व्होल्टचा. न्हाणीघरात तिसरा पॉइंट होता, पण त्यावर दाढीच्या यंत्राचे चित्र होते आणि तो तेवढ्यासाठीच असतो. त्यातून मिळणारी वीज इतकी थोडी असते की केसांचे कोणतेही यंत्र त्याला लावू नये. माझ्या ड्रायरच्या प्लगचे अंग चौकोनी आणि जाड असल्यामुळे तो त्या खोलगट वाटीत शिरेना. मग मी मुंबईत घेतलेल्या अडॅप्टरने तो चपट्या पॉइंटला लावला. पंखा दमेकऱ्यासारखा फिरू लागला आणि तोंडातून कोमट फुंकर आली. ताई म्हणाल्या, "वहिनी, हे काऊन असं फुसफुस करून राहिलं वं? आपल्या घरी तं चटका देते." मी म्हटले, "ताई, लाइनच अर्धी आहे इथं, ते तरी काय करीन?"

हिशेब सरळ आहे. 230 व्होल्टसाठी बनवलेल्या तारेला 110 व्होल्ट मिळाले की वीजप्रवाह निम्म्याहून थोडा कमी होतो, आणि व्होल्टेज व प्रवाह दोन्ही घटल्यामुळे उष्णता एक चतुर्थांशाच्याही खाली जाते. 1200 वॉटचा ड्रायर तिथे जेमतेम पावणेतीनशे वॉटचा उरतो. उलट प्रकार जास्त घातक असतो. फक्त 110 व्होल्टचे परदेशी यंत्र कोणी भेट दिले आणि ते आपल्या घरच्या पॉइंटला लावले, तर त्यावर चौपट भार येऊन ते जळते. अडॅप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, हे विकणारा सहसा सांगत नाही. खोलीच्या खणात जहाजाचा स्वतःचा ड्रायर होता. त्याचे बटण दाबून धरावे लागते, सोडले की तो थांबतो, आणि जोरही बेताचाच. पण ताईंचे केस त्याने वीस मिनिटांत वाळले, आणि माझा ड्रायर पुढचे चार दिवस साड्यांच्या घडीखाली झोपून होता.

स्ट्रेटनरने मात्र नाव राखले. तो विकत घेताना तालुक्याच्या बाजारात एका दुकानदाराने आधी दुसराच पुढे केला होता आणि "चालते ना बाई, कुठंबी चालते" असे ठणकावून सांगितले होते. मी तो उलटा करून, चिकटलेली धूळ अंगठ्याने पुसून पाहिली, तर दांड्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत '220–240 व्होल्ट' एवढेच होते. शेवटी घेतलेल्या नगावर '100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असे छापलेले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीचा एक नग दोन्ही व्होल्टेजवर चालतो आणि त्याच्याच शेजारच्या खोक्यातला चालत नाही. खोक्यावरच्या चित्रापेक्षा यंत्रावर छापलेली ही व्होल्टची ओळ वाचावी. त्याचा प्लग बारीक आणि चपट्या अंगाचा असल्याने तो 220 च्या वाटीत नीट बसला. पारख म्हणून मी त्याला अडॅप्टरने 110 वरही लावून पाहिले. घरी तापायला जेमतेम मिनिट लागते, तिथे दोन मिनिटे लागली, पण एकदा तापल्यावर बटेवरून फिरताना काही फरक जाणवला नाही. अशा यंत्रांत बहुधा सिरॅमिकचा तापक असतो. तो ठरावीक उष्णतेला पोहोचला की स्वतःच वीज कमी घेऊ लागतो, म्हणून कमी-जास्त व्होल्टेज त्याला सोसते.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. पट्ट्या बोटभर रुंदीच्या असल्याने कमरेपर्यंतच्या केसांना पाऊण तास लागला. तापमान बदलण्याची सोय नाही, त्यामुळे मेंदी किंवा रंग लावलेल्या नाजूक केसांवर हात भरभर चालवावा लागतो. चालू असल्याचा लाल दिवा इतका मंद आहे की दिवसा दिसतच नाही, आणि जहाजावर ही मोठीच उणीव आहे, कारण यंत्र चालू ठेवून खोलीबाहेर जाणे तिथे सर्वांत मोठा गुन्हा समजतात. मी प्रत्येक वेळी प्लग काढून, यंत्र न्हाणीघराच्या फरशीवर निवायला ठेवत होते. डेकवरून आल्यावर केसांवर खारट पाण्याचा थर बसलेला असतो. ते धुऊन, पूर्ण वाळवून मगच पट्टी फिरवावी, नाही तर चर्र आवाज येतो आणि केस जळतो.

पण खरी कसोटी यंत्राची नव्हती, हवेची होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि हवा इतकी कोरडी असते की लग्नाच्या सकाळी सरळ केलेले नवरीचे केस वरात दारात येईपर्यंत तसेच राहतात. पट्टीच्या उष्णतेने केसांतले जे बंध मोडून नव्याने जुळतात, ते ओलाव्याने पुन्हा सुटतात. आणि समुद्रावर ओलावा मिनिटभरही पाठ सोडत नाही. सायंकाळी सात वाजता मी ताईंचे केस आरशासारखे करून दिले, त्या जिजाजींबरोबर डेकवर फोटो काढायला गेल्या आणि केक कापायला परतल्या तेव्हा कपाळावरच्या बटा गुंडाळून वर चढल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त समोरच्या बटा सरळ केल्या आणि मागे घट्ट अंबाडा घातला, तो मध्यरात्रीपर्यंत हलला नाही. केस मोकळे सोडून डेकवर फिरण्याची हौस असलेल्यांनी या यंत्रावर किंवा याहून पाचपट महागड्या यंत्रावरही फार आशा ठेवू नये.

उतरताना चिठ्ठी दाखवून बोर्ड परत मिळाला, तोही धड, फक्त वायरीला नवी गाठ पडली होती. ड्रायर पुन्हा पार्लरच्या भिंतीवर लटकला आहे. स्ट्रेटनर मात्र मी आता रोजच्या वापरात घेतला आहे, कारण लाइट गेल्यावर इन्व्हर्टर मोठ्या यंत्राने कुरकुरतो आणि या 35 वॉटला मात्र काही बोलत नाही. गेल्या आठवड्यात साखरपुड्याच्या मुलीचे केस अर्धे झाले असताना लाइन गेली, तेव्हा उरलेले अर्धे त्यानेच केले.