पद्मिनीचे ब्रेक, 'इटलीचं किट' आणि माझे ४८,२०० रुपये

४८,२०० रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो कारण जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, किती गेले? आणि सांगितलं की लगेच पुढचं ठरलेलं, "अरे एवढ्यात सेकंडहँड मारुती आली असती की." माहितीये हो. मला मारुती नको होती, मला ब्रेक हवे होते.

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. बाबांची. हाताचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आणि ब्रेकचा प्रॉब्लेम असा की तो रोज नव्हता. आठ-आठ दिवस गाडी गुणी बाळासारखी चालायची आणि मग एखाद्या सिग्नलला गाडी थांबलेली, पाय हलका पेडलवर, आणि पेडल सावकाश पायाखालून सरकत खाली जायला लागायचं. पाय उचलून परत दाबला की लगेच वर, टणक, जसं काही झालंच नाही. ब्रेक ऑइलची लेव्हल तशीच, चाकांच्या आतून कुठे ओल नाही, पार्किंगमध्ये जमिनीवर एक थेंब नाही. गॅरेजला नेली की सगळं ओके. आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या पोरानं तर सरळ सांगितलं, काका या गाडीवर मी हात नाही टाकत, मी पद्मिनी उघडलेलीच नाही कधी. प्रामाणिक होता बिचारा, आता कळतंय.

असा येऊन-जाऊन असणारा फॉल्ट म्हणजे लुटारूंची दिवाळी. फॉल्ट दिसला नाही की "बघा साहेब, झालं काम", परत दिसला की "तो पार्ट ठीक झाला, आता हा दुसरा गेलाय." दोन्हीकडून पैसे तुमचेच. त्यात जुन्या गाड्यांचं हल्ली जे प्रेम उतू चाललंय, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षं पूर्ण करून रस्त्यावरून उतरली तेव्हा सगळ्यांनी डोळे पुसत फोटो टाकले, आणि त्यानंतर प्रत्येक गल्लीत एक 'क्लासिक रिस्टोरेशन स्पेशालिस्ट' उगवलाय. बोर्ड लावायला काय लागतं? मोजकीच माणसं कामाला असली तर शॉप ॲक्टला नुसती सूचना द्यायची, संपलं. तुझ्या हातात पाना धरायची अक्कल आहे का हे विचारणारं कोणी नाही.

हा पण तसलाच. हायवेला लागून शेड, आत कव्हर घातलेली एक ॲम्बेसेडर, एक डॉज, भिंतीवर रॅलीचे फोटो. ओळखीतून गेलो होतो, तेही चांगल्या शिकलेल्या माणसाच्या ओळखीतून, म्हणजे रस्त्यावरून उचललेला मेकॅनिक नव्हता, हे लक्षात घ्या. बोलणं एकदम गोड. "साहेब, फियाट म्हणजे माझ्या घरचं काम." चेकिंगचे १,५०० घेतले आणि निदान काय, तर वेपर लॉक, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ होतेय. आता ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो हे खरंच आहे, डॉट ३ प्रतीचं ऑइल नवीन असताना किमान २०५ डिग्रीला उकळतं, पाणी धरलेलं १४० च्या आसपास. म्हणजे तो सांगत होता ते खोटं नव्हतं, आणि हीच मेख आहे. खऱ्या गोष्टी चुकीच्या ठिकाणी चिकटवायच्या. माझं पेडल सकाळी थंड गाडी काढल्यावर पहिल्याच सिग्नलला बसायचं, तिथे कसलं उकळणार? घाट उतरताना पाचव्या वळणावर ब्रेक गेले तर वेपर लॉक म्हणा. हे मी त्याला बोललोही होतो. तर म्हणाला, "म्हणूनच तर सांगतो साहेब, चारही व्हील सिलेंडर गेलेत."

चार व्हील सिलेंडर (चाकात बसून लायनर ड्रमवर दाबतात ते), 'जुना ओरिजिनल स्टॉक', २,२०० चा एक, ८,८००. लायनर बदलून ३,६००. ड्रम लेथवर मारले, ४५० प्रमाणे १,८००. गाडी आणायला गेलो तर हा गाडीत बसला आणि ब्रेकवर असा धाडकन पाय मारला की गाडी हलली. "दाबा साहेब, दगड आहे दगड." मीही दाबला, दगडच होता.

आता ऐका, कारण हे पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल. पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलेंडर, त्याच्या आतला रबराचा कप झिजला किंवा आतल्या नळीला गंजाचे खड्डे पडले की प्रेशर आतल्या आत मागे सुटतं, बाहेर एक थेंब गळत नाही. पण जोरात आणि झटक्यात दाबलं तर त्याच प्रेशरनं कपाची कड फुलते आणि भिंतीला गच्च चिकटते, पेडल एकदम टणक लागतं. हळू दाबून धरलं तरच ते सरकतं. म्हणजे गॅरेजमध्ये ठोसा मारून दाखवलेला ब्रेक कायम पास, आणि सिग्नलला हलक्या पायानं धरलेला नापास. त्याला हे माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. दर वेळी ठोसाच मारायचा तो, एकदाही हळू दाबला नाही.

टेस्ट फुकट आहे. इंजिन बंद, हलक्या पायानं दाबा आणि मिनिटभर तसंच धरून ठेवा. सावकाश खाली चाललं आणि गळती कुठेच नाही, तर आधी मास्टर सिलेंडरकडे बघा. स्पंजसारखं लागत असेल तर हवा आहे. दोन-तीनदा पंप केल्यावर वर येऊन तिथेच थांबत असेल तर लायनर ॲडजस्ट करायचे राहिलेत. गाडी एका बाजूला ओढतेय आणि ते चाक हाताला तापलेलं लागतंय तर रबरी होज आतून फुगलाय का बघा, बाहेरून नवा दिसतो आणि आत प्रेशर कोंडून ठेवतो.

असो. मुद्द्यावर येतो, म्हणजे त्या कागदाच्या पुडीवर.

मी जुने पार्ट मागितले होते. हो, मागितले होते, एवढा बावळट नाही मी. त्यानं वर्तमानपत्रात बांधून दिले, घरी येऊन बायकोसमोर ओट्यावर उघडले, रबराचे कप, स्प्रिंगा, दोन पिस्टन. ती म्हणाली, "अहो, हे तेलातनं काढलेत ना? मग कागद कोरडा कसा?" कागद खरंच कोरडा होता. कप कोरडे, कडक, वर धूळ. ब्रेक ऑइलमधून काढलेला कप बोटाला काळा चिकट डाग देतो, वास येतो, कागदावर पारदर्शक डाग पसरतो. यातलं काही नव्हतं. आणि दोन कप तर बाकीच्यांपेक्षा सरळ दिसण्याइतके मोठे होते. मी काय बोललो? "पुसून दिले असतील." पुसून दिले असतील! ज्याच्या शेडमध्ये स्क्रू ड्रायव्हर पुसायला फडका नाही तो कप पुसून देणार. ती पुडी अजून आहे माझ्याकडे, दिसली की डोकं सटकतं. पण तुम्ही सांगा, ज्या माणसानं मागितल्याबरोबर जुने पार्ट दिले त्याच्यावर कोण संशय घेतं? सगळे हेच शिकवतात ना, जुने पार्ट मागा म्हणून. मागा, पण त्यांचा वास घ्या. आणि काढताना समोर उभे राहा.

पेडल अर्थातच परत बसलं. मग आलं मास्टर सिलेंडर. म्हणजे अखेर बरोबर पार्टवर आला, पण कसा, तर "इथलं डुप्लिकेट टिकत नाही, इटलीहून ओरिजिनल किट मागवतो", १८,५०० ॲडव्हान्स. मला पटलं, कारण गाडी मुळात फियाट ११००, इटलीचीच. पण तिच्या हजारो टॅक्सी मुंबईत दिवसरात्र धावल्या, गाडी बनायची कुर्ल्यात, पार्ट बनायचे इथेच, त्या टॅक्सीवाल्यांनी काय मिलानहून किट मागवली होती? हे आता लिहिताना स्वच्छ दिसतंय, तेव्हा समोर चकचकीत कॅटलॉग होता आणि ब्रेकची भीती होती. गाडीत मुलगी, नातू बसतात. ब्रेकच्या नावावर माणूस घासाघीस करत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

किट येईना. त्याऐवजी बूस्टर आला. "किट येईपर्यंत व्हॅक्यूम बूस्टर बसवू, सेफ्टी डबल", १४,०००. इथेही नोंद करा, बूस्टर फक्त पायाचा जोर वाढवतो. आत सुटणारं प्रेशर बूस्टरनं थांबत नाही. पैसे गुगल पे केले, नाव वेगळंच आलं स्क्रीनवर, विचारलं तर "मेव्हण्याचं अकाउंट आहे साहेब, माझं लिमिट संपलंय." किट नाही, बूस्टर नाही, फोन आधी बिझी, मग बंद. शेडवर गेलो तर कव्हर घातलेली ॲम्बेसेडर पण नव्हती. माझी गाडी माझ्या ताब्यात होती हे नशीब, नाहीतर ती पण गेली असती.

आता पोलीस चौकी. तिथे जे झालं त्याचा संताप मला त्या माणसापेक्षा जास्त आहे. तासभर बाकड्यावर बसवलं, मग साहेब आले, पहिला प्रश्न, "गाडी तुमच्याकडेच आहे ना?" आहे. "चालतीय ना?" चालतेय हो, थांबत नाहीये! यावर आजूबाजूचे हसले. मग "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं पार्ट न बदलता बदलले सांगून पैसे घेणं, दुसऱ्याच्या अकाउंटवर ॲडव्हान्स घेऊन पळणं, ही फसवणूक नाही? तर पक्कं बिल दाखवा. पक्कं बिल असतं तर मी इथे कशाला आलो असतो? माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, पेमेंटचे स्क्रीनशॉट, चॅट, सगळं होतं. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीच्या कलम चारशेवीसची ३१८ झाली, बाकडं तेच, उत्तरं तीच. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर "पोच कशाला, आम्ही काय पळून जातोय का?" एकानं जाताना प्रेमानं सल्ला दिला, काका स्क्रॅपला टाका ना ती गाडी. भाऊ, मी गाडीबद्दल सल्ला मागायला आलोच नव्हतो! दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अर्ज सापडेना. तिसरा साहेब म्हणाला ती शेड आमच्या हद्दीत नाही. मग पहिल्या दिवशी हे सुचलं नाही? पोच घेतल्याशिवाय चौकीतून हलू नका, नाही दिली तर तोच अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या नावानं रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.

ग्राहक आयोगाबद्दल विचारलं तर एका वकिलानं १५,००० सांगितले. गेलेल्या ४८ हजारांमागे अजून १५. तर वकील लागतोच असं नाही, स्वतः मांडता येतं. २०१९ च्या कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षं. हे मला चौकीत कोणी सांगितलं नाही, वकिलानं तर नाहीच नाही.

ब्रेक शेवटी कोणी केले, तर सासवडकडचे एक सत्तरीतले फिटर, उभी हयात मुंबईत टॅक्सीच केल्या. टो करून नेली, २,५०० ते वेगळे, वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. त्यांनी चाक उघडलंच नाही आधी. मास्टर सिलेंडरचा पाइप सोडला, आउटलेटला डमी बोल्ट गच्च मारला आणि मला म्हणाले, "दाबा, पण हळू." पाय खाली, खाली, खाली. "आता चाकाशी संबंधच नाही ना? मग सिलेंडर आतून गेलाय." संपलं निदान. नवीन मास्टर सिलेंडर १,९५०, ब्रेक ऑइल ३२०, मजुरी ८००. तीन हजार सत्तर रुपये.

मग मीच म्हटलं ड्रम उघडा. व्हील सिलेंडर जुनेच. वरून सिल्व्हर पेंट मारलेला, तोही घाईत, रबराच्या बुटांवर ओघळ आलेले, हवा काढायच्या निप्पलच्या भोकात पेंट सुकून बसलेला. निप्पलच उघडला नाही तर हवा काढली कशी, आणि सिलेंडर बदलला कसा? लायनर तेवढे नवे होते. ड्रमवर लेथची खूणसुद्धा नाही. फिटर काका काही बोलले नाहीत, नखानं पेंटची एक खपली काढून माझ्या हातावर ठेवली. मला तिथे कसंतरीच झालं, पण म्हटलं फोटो काढा आधी. तिथेच सगळे फोटो, व्हिडिओ काढले, मास्टर सिलेंडर जुना जपून ठेवलाय. दुरुस्ती करण्याआधी हे करा. एकदा पार्ट बदलला की "आमचं काम बरोबर होतं" म्हणायला ते मोकळे.

माझी तक्रार जिल्हा आयोगात दाखल आहे. ज्याच्या अकाउंटवर १४,००० गेले त्या मेव्हण्यालाही पार्टी केलंय. बूस्टरसाठी किंवा 'इटलीच्या किट'साठी ॲडव्हान्स देऊन बसलेले अजून तिघे मला सापडलेत, दोन फियाटवाले, एक स्टँडर्ड हेराल्डवाला, त्याचे २२,०००. हेराल्डला पण इटलीचंच किट सांगितलं होतं त्यानं, आणि ती तर मुळात इंग्लंडची गाडी. सारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते, तेव्हा ज्यांचे गेलेत त्यांनी लाजून घरी बसू नका, चॅट डिलीट करू नका, आणि 'मेव्हण्याच्या' अकाउंटचे स्क्रीनशॉट तेवढे शोधून ठेवा.