जुनी होंडा जॅझ आणि तिची एमओटी कुंडली: एक हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

इंग्लंडमध्ये जुनी गाडी घ्यायची म्हटलं की ओळखीतला प्रत्येक जण मॉडेलवर बोलतो. होंडा घे, टोयोटा घे, फ्रेंच गाडीच्या वाटेला जाऊ नकोस. माझं मत आता वेगळं आहे. गाडी दहा-बारा वर्षांच्या पुढे गेली की मॉडेलपेक्षा आधीचा मालक महत्त्वाचा. आणि तो गाडीशी कसा वागला, हे एमओटीच्या (गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या) नोंदींत फुकट वाचायला मिळतं.

मी घेतली ती दुसऱ्या पिढीची जॅझ. १.४ पेट्रोल, मॅन्युअल, २०११ची नोंदणी. रेडिंगजवळच्या एका आजोबांकडून, गेल्या सप्टेंबरात.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ग्रेट ब्रिटनमध्ये गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी तपासणी सक्तीची. कारसाठी कमाल फी ५४.८५ पौंड. सरकारी संकेतस्थळावर फक्त नंबर प्लेट टाकायची, की २००५ पासूनच्या तपासण्या समोर येतात. पास की फेल, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, कशामुळे फेल झाली, आणि 'ॲडव्हायझरी' म्हणजे आज चालेल पण लक्ष ठेवा अशा सूचना. गाडीवर कंपनीचा रिकॉल (दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावणं) बाकी असेल तर तेही कळतं. होंडावाल्यांनी हे जरूर बघावं, कारण टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये होंडाच्या भरपूर गाड्या होत्या आणि ते काम डीलर फुकट करून देतो.

बहुतेक जण पास-फेल बघून खिडकी बंद करतात. खरा मजकूर ॲडव्हायझरीत असतो, आणि तो एका वर्षाचा वाचून उपयोग नाही. सगळी वर्षं ओळीनं वाचायची. माझ्या गाडीला एका वर्षी पुढच्या ब्रेक डिस्क झिजल्याची सूचना होती, पुढच्या वर्षी ती गायब. नंतर सस्पेन्शनमधली अँटी-रोल बारची लिंक सैल असल्याची नोंद, तीही पुढच्या खेपेला नाही. म्हणजे आजोबा कागद घरी नेऊन ड्रॉवरमध्ये टाकत नव्हते, काम करून घेत होते. याच्या अगदी उलट एक चकचकीत जर्मन हॅचबॅक बघितली होती. तिच्यात 'ब्रेक पाइप गंजलेला' ही एकच ओळ सलग तीन वर्षं, आणि चौथ्या वर्षी त्याच पाइपवर फेल. दुसऱ्या दिवशी पास. नापास होईपर्यंत हात लावायचा नाही, असा तो मालक. ती गाडी धुऊन-पुसून कितीही चमकवली तरी मी घेणार नव्हतो.

'गंज ग्रीसनं झाकलेला' किंवा 'खाली अंडरट्रे (तळाचं झाकण) असल्यानं काही भाग दिसला नाही' अशा ओळी आल्या तर गाडी लिफ्टवर घेऊनच बघावी. तपासनीस काहीही उघडून बघत नाही, दिसेल तेवढंच लिहितो. मे २०१८ पासून दोषांची धोकादायक, मोठा, किरकोळ अशी वर्गवारी आली आहे, त्यामुळे त्याआधीच्या नोंदी थोड्या वेगळ्या वाचाव्या लागतात. आणि २०२०मध्ये खंड दिसला तर लगेच संशय घेऊ नका. कोविडमध्ये ३० मार्चपासूनच्या चार महिन्यांत ज्यांच्या एमओटीची मुदत संपत होती, त्या गाड्यांना सहा महिन्यांची वाढ दिली होती.

मैलांचं गणितही करा. एका गाडीचं मीटर ७८ हजारांवरून दोन वर्षांत ६१ हजारांवर आलेलं दिसलं. विक्रेता म्हणाला, लिहिताना चूक झाली असेल. असेलही, चुका होतात. मी पुढे गेलो. फार कमी चाललेली गाडी म्हणजे लॉटरी असंही नाही. वर्षाला दोन हजार मैल चालणाऱ्या गाडीचे ब्रेक गंजतात, टायरला भेगा पडतात, बॅटरी मरते.

हा शेवटचा मुद्दा मी स्वतः भोगतो आहे. डिसेंबरच्या पहिल्या कडक थंडीत बॅटरीनं मान टाकली. एप्रिलमध्ये एसी लावला तर नुसता वारा. कंडेन्सरला भोक, बहुधा रस्त्यावरचा खडा लागून. यातलं काहीही एमओटीत येत नाही. क्लच, गिअरबॉक्स, इंजिनाची आतली अवस्था, एसी, हे सगळं तपासणीच्या बाहेर. अपघातानंतर विमा कंपनीनं राइट-ऑफ केलेली, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून सोडलेली गाडी (दुरुस्त होऊ शकणाऱ्या अशा गाड्यांना २०१७ पासून कॅट एस, म्हणजे सांगाड्याला इजा, किंवा कॅट एन, म्हणजे तशी इजा नाही, असा शिक्का), फायनान्स बाकी, चोरीची नोंद, हेही तिथे नसतं. त्यासाठी पैसे देऊन वेगळा रिपोर्ट काढावा लागतो. काढाच. मात्र नोंदींनी ज्याबद्दल भरवसा दिला होता, म्हणजे ब्रेक, सस्पेन्शन आणि खालचा गंज, त्यात अजून एक पौंडही गेलेला नाही.

नाशिकचा भाऊ जुनी वॅगनआर बघतोय. त्याला हे दाखवलं तर म्हणाला, "दादा, आपल्याकडे एमपरिवहनवर कितवा मालक, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा एवढं दिसतं. मीटर मात्र विकणाऱ्याच्या तोंडी." खासगी गाडीची फिटनेस आपल्याकडे पंधराव्या वर्षी नोंदणी वाढवताना निघते, तोवर दरवर्षीची अशी वही कुठून येणार? त्याला सर्व्हिस सेंटरच्या नोंदी काढायला सांगितलं आहे.

आता गाडीबद्दल. टायमिंग चेन असल्यामुळे बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. मागच्या सीटची बैठक वर दुमडते, तिथे उभी कुंडी, सायकल, काहीही बसतं. एवढ्याशा गाडीत ही जागा आली कुठून, असं बघणारा प्रत्येक जण विचारतो. २०११ची पेट्रोल गाडी असल्यानं लंडनच्या युलेझचे (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचे) दिवसाचे साडेबारा पौंड लागत नाहीत. मला गॅलनला पंचेचाळीस मैलांच्या आसपास मिळतात. मोटरवेवर आवाज फार, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर २०११ आधीचा आय-शिफ्ट गिअरबॉक्स असलेली गाडी टाळा, तिच्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी ऐकलं नाही. आणि या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) चोरांचा लाडका आहे. मी खाली लोखंडी पत्र्याचं कवच बसवून घेतलं.

घेताना एक लक्षात ठेवा, जुन्या मालकाचा रोड टॅक्स तुमच्याकडे येत नाही. लॉगबुकची (गाडीच्या नोंदणीपत्राची) हिरवी चिठ्ठी हातात घेऊन तिथेच फोनवर टॅक्स भरायचा आणि मगच गाडी हलवायची.

माझ्या नावावरची पहिली एमओटी मार्चमध्ये झाली. पास, दोन ॲडव्हायझरी: मागच्या टायरच्या कडेला भेगा, आणि एक्झॉस्टवर गंज. टायर त्याच आठवड्यात बदलले. एक्झॉस्टचा भाव विचारून ठेवला आहे, ते काम ऑक्टोबरच्या आत.