मेमटेस्ट८६+ : रॅमचा दोष पकडणारे, निर्दोषतेची हमी न देणारे साधन

घरचा संगणक वारंवार निळ्या स्क्रीनवर येऊन थांबू लागला की दुरुस्तीच्या दुकानात बहुधा पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारण्याचा. दुकानदाराची बाजूही समजण्यासारखी आहे. फॉरमॅटचे काम दुपारपर्यंत उरकते आणि त्याचे पैसे लगेच मिळतात, तर रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी संगणकाची मेमरी, नीट तपासायची म्हणजे मशीन रात्रभर टेबलावर अडकून राहते आणि त्या रात्रीचे पैसे मात्र कोणी देत नाही. परंतु रॅम सदोष असेल तर नवे विंडोजही त्याच सदोष रॅममधून डिस्कवर उतरते आणि काही फायली पहिल्या दिवसापासूनच बिघडलेल्या असू शकतात. म्हणून फॉरमॅटवर खर्च करण्यापूर्वी मेमटेस्ट८६+ हे मोफत साधन चालवावे, असे माझे मत आहे. त्याचे गुण सांगताना त्याच्या मर्यादाही सांगणे भाग आहे.

मी फोंड्यात घरूनच डीटीपीचे काम करतो. चवथीच्या आधी उत्सवांच्या स्मरणिका, आरत्यांच्या पुस्तिका आणि निमंत्रणपत्रिका यांची गर्दी असते आणि नेमक्या त्याच दिवसांत आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक (रॅमच्या पट्ट्या) असलेले माझे असेंबल केलेले मशीन बिनसले. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, असा निळ्या स्क्रीनवरचा संदेश दर वेळी बदलत होता. ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडत होते, आणि दुसऱ्या संगणकावर व्यवस्थित उघडणारी झिप फाइल माझ्याकडे सीआरसी एरर, म्हणजे फाइलमधला मजकूर बिघडल्याची खूण, दाखवत होती. निदानाच्या दृष्टीने ही अनियमितता फार बोलकी असते. बिघाड एखाद्या ड्रायव्हरचा, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामचा, असेल तर संगणक बहुतेक वेळा त्याच कामाच्या वेळी, तोच संदेश देऊन बंद पडतो. रॅममधली एखादी जागा खराब असेल तर त्या जागेवर आज विंडोजचा एखादा भाग येतो, उद्या फोटो आणि परवा फॉन्ट, त्यामुळे लक्षणेही तशीच भटकत राहतात. याउलट निळी स्क्रीन न येता संगणक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर मी आधी एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घेईन.

हे साधन उतरवून घेताना नावाचा गोंधळ टाळावा. ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ साली मेमटेस्ट८६ लिहिले. त्याच्या मुक्त प्रोग्राममधून २००४ साली सॅम्युएल देमुलमेस्टर यांनी मेमटेस्ट८६+ ही स्वतंत्र शाखा काढली. मूळ मेमटेस्ट८६ २०१३ साली पासमार्क या कंपनीकडे गेले. आज ते व्यावसायिक उत्पादन असून त्याची मोफत आवृत्ती चाचणीच्या चार फेऱ्यांनंतर थांबते. प्लस चिन्ह असलेले साधन मात्र पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत आहे. मधली बरीच वर्षे त्याचे काम थंडावले होते. २०२२ साली मार्टिन व्हिटेकर यांच्या पीसीमेमटेस्टच्या आधारे नव्याने लिहिलेली सहावी आवृत्ती आली आणि तेव्हापासून ते युईएफआय असलेल्या नव्या मशीनवर तसेच जुन्या बायोसवरही चालते (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामचे हे नवे-जुने प्रकार). त्यामुळे एखाद्या जुन्या सीडीवर पाचवी आवृत्ती सापडली तर ती बाजूला ठेवून नवी उतरवून घ्यावी. फाइल काही एमबींचीच असल्याने मोबाइलच्या इंटरनेटवरही काम भागते.

ते पेनड्राइव्हवर टाकणे सोपे आहे, परंतु त्यावरून मशीन सुरू करताना नवखा माणूस अडखळतो. माझ्याकडे बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे अधिकृत सही नसलेला प्रोग्राम सुरू होऊ न देणारी सेटिंग, बंद केल्याशिवाय ते सुरूच झाले नाही. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू आहे त्यांनी ही सेटिंग बदलण्यापूर्वी आपली रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण नंतर विंडोज ती मागू शकते आणि तेव्हा ती शोधत बसण्यासारखा मनस्ताप नाही. पासमार्कच्या साधनाला सिक्युअर बूट बंद करावे लागत नाही. या एका बाबतीत ते सरस आहे.

विंडोज चालू असताना रॅमचा मोठा भाग विंडोजनेच व्यापलेला असतो आणि तो भाग रिकामा करून तपासता येत नाही. मेमटेस्ट८६+ विंडोज सुरू होण्यापूर्वीच ताबा घेते, स्वतः अगदी थोडी जागा वापरते आणि चाचणी चालू असताना स्वतःची जागाही बदलते, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासून होते. काम वरवर साधे आहे: ठरावीक नमुना लिहायचा, परत वाचायचा आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे. खरी करामत नमुन्यांच्या निवडीत आहे. एखादा बिट, म्हणजे शून्य किंवा एक साठवणारी सर्वांत लहान जागा, कायमचा शून्यावर किंवा एकावर अडकला असेल तर तो कोणत्याही साध्या चाचणीत सापडतो. परंतु शेजारच्या पेशीत लिहिल्यावरच बदलणारा बिट, रॅममधल्या जागेचा क्रमांक, म्हणजे पत्ता, वाहून नेणाऱ्या तारेतील दोषामुळे दोन पत्ते एकाच जागी जाणे, किंवा साठवलेला विद्युतभार ठरलेल्या वेळेपूर्वीच गळणे, या दोषांसाठी वेगवेगळे नमुने लागतात. म्हणून पत्त्यांची चाचणी, नमुना उलटसुलट क्रमाने फिरवणारी चाचणी, मोठे तुकडे इकडून तिकडे हलवणारी चाचणी, यादृच्छिक आकड्यांची चाचणी आणि शेवटी नमुना लिहून काही वेळ स्वस्थ बसून मग वाचणारी चाचणी, अशी मालिका एका फेरीत चालते. सोळा जीबीच्या माझ्या मशीनवर एक फेरी जेवण उरकून यावे इतका वेळ घेते. रॅम जास्त असेल तर त्या प्रमाणात वेळ वाढतो.

माझ्याकडे पत्त्यांच्या चाचण्या निर्विघ्न पार पडल्या आणि फिरत्या नमुन्यांच्या चाचणीत लाल ओळी उमटू लागल्या. त्या ओळींत पत्ता, अपेक्षित मूल्य आणि प्रत्यक्षात वाचलेले मूल्य दिसते. बहुतेक चुका जवळजवळच्या पत्त्यांवर आणि एकाच बिटाच्या होत्या, हे पाहिल्यावर प्रोग्रामवरचा संशय तिथेच संपला. यात ‘थोड्या चुका चालतात’ असे काही नसते. शून्याखेरीज कोणताही आकडा म्हणजे दोषच.

मात्र तो दोष स्टिकचाच आहे, असे एवढ्यावरून ठरत नाही. या साधनाची सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते की चूक कोणत्या स्टिकमध्ये आहे ते ते सांगत नाही. ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन स्टिक एकाच वेळी वापरण्याच्या पद्धतीत, लागोपाठचे पत्ते दोन्ही स्टिकांवर विभागलेले असल्यामुळे पत्त्यावरून अंदाज बांधणेही व्यर्थ ठरते. पुढचे निदान आपल्या हातांनीच करावे लागते, आणि त्यात क्रम महत्त्वाचा. प्रथम बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करावे. डीडीआर४ चा प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे, तर ३२०० च्या वेगाच्या बऱ्याच स्टिक एक्सएमपीवर १.३५ व्होल्टने चालतात. एक्सएमपी बंद केल्यावर चुका नाहीशा झाल्या तर स्टिक कदाचित निर्दोष असते आणि तो वेग प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरला किंवा मदरबोर्डला झेपत नसतो. चुका तशाच राहिल्या तर मशीन बंद करून, वायर काढून, पॉवरचे बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि दोन्ही स्टिक काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. आपल्याकडच्या दमट हवेत स्लॉटमध्ये मळ साचतो आणि पुष्कळदा एवढ्यावरच दुखणे जाते. दुकानांत स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासतात; मला ते पटत नाही, कारण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड पुरेसे आहे.

त्यानंतर एका वेळी एकच स्टिक ठेवून चाचणी घ्यावी, आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत एका स्टिकसाठी जो स्लॉट सांगितलेला असेल त्यापासून सुरुवात करून मग दुसऱ्या स्लॉटमध्ये ती लावून पाहावी. माझी एक स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये नापास झाली आणि दुसरी दोन्हीकडे उत्तीर्ण झाली. दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये नापास झाल्या असत्या तर दोष स्लॉटचा, मदरबोर्डचा किंवा प्रोसेसरचा ठरला असता आणि नवी रॅम विकत घेऊनही काही साधले नसते. दुकानात ‘रॅम बदलून बघूया’ म्हणतात तेव्हा नेमकी हीच पायरी गाळली जाते.

विंडोजमध्ये आधीपासूनच असलेली मेमरी डायग्नोस्टिक मी याआधी चालवली होती आणि तिने काहीही दोष सापडला नसल्याचे सांगितले होते. ती वाईट आहे असे नाही. तिच्यासाठी पेनड्राइव्ह लागत नाही, सिक्युअर बूटला हात लावावा लागत नाही आणि ढोबळ दोष ती पकडते. परंतु आपणहून ती स्टँडर्ड पातळीच चालवते. एफ१ दाबून एक्स्टेंडेड पातळी निवडावी लागते, जी अतिशय संथ आहे. शिवाय निकाल डोळ्यांसमोर राहत नाही. लॉगिननंतरची सूचना चुकली तर तो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदींच्या यादीत, शोधावा लागतो. तिने दोष दाखवला तर मानावा. दोष नाही म्हटले तर मेमटेस्टकडे वळावे.

तोच नियम मेमटेस्ट८६+ लाही लागू आहे. पहिली फेरी संपल्यावर हिरव्या पट्टीत ‘पास’ झळकते आणि माणूस निर्धास्त होतो, ते घाईचे आहे. काही दोष मशीन तापल्यावरच उमटतात, म्हणून निदान रात्रभर तरी चाचणी चालू द्यावी. शिवाय चाचणीच्या वेळी ग्राफिक्स कार्ड जवळजवळ निवांत असते, त्यामुळे कमकुवत एसएमपीएसवर खरा भार पडतच नाही. रात्रभर एकही चूक न निघता दिवसा कामात मशीन बंद पडत असेल, तर रॅमचा नाद सोडून इतर भाग तपासावेत. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते: वीज क्षणभर गेली तरी चाचणी पहिल्यापासून सुरू करावी लागते आणि साधा यूपीएस काही मिनिटेच टिकतो. घरी इन्व्हर्टर असेल तर संगणक त्यावर जोडावा, नाहीतर पाऊस उघडलेली रात्र निवडावी. नव्या डीडीआर५ स्टिकांतील चिप आपल्या आतल्या एका बिटाच्या चुका स्वतःच दुरुस्त करतात आणि त्याची वार्ता बाहेर देत नाहीत, त्यामुळे तिथे हिरव्या पट्टीवर आणखी जपून विश्वास ठेवावा.

लाल ओळींच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. बऱ्याच कंपन्या रॅमवर दीर्घ मुदतीची, काही तर आजीवन वॉरंटी देतात, आणि विक्रेत्याशी वाद घालण्यापेक्षा तो फोटो दाखवणे सोपे पडते; माझी स्टिक त्यावरच बदलून मिळाली. स्टिक जोडीने घेतल्या असतील तर जोडीनेच परत मागण्याची शक्यता असते, म्हणून तेवढ्या दिवसांपुरती कामाची सोय आधीच करून ठेवावी. ज्या लॅपटॉपची रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते त्यांच्यासाठी एक उपाय उरतो: मेमटेस्ट८६+ खराब पत्त्यांची यादी लिनक्सला समजेल अशा रूपात देऊ शकते आणि लिनक्स तेवढी जागा वगळून उरलेली रॅम वापरते. चुका एखाद्या ठरावीक पट्ट्यातच असतील तर हा उपाय करून पाहण्यासारखा आहे. त्या सगळीकडे विखुरलेल्या असतील तर बोर्डच बदलावा लागतो.