डिकीतला फ्रिज: नऊ महिने, तीन कोकणफेऱ्या आणि एक जळालेला प्लग

१२ व्होल्टवर चालणारा ३५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज फेब्रुवारीपासून वापरात आहे. मुंबई-मालवणच्या तीन फेऱ्या झाल्या, त्यातल्या दोन ऐन मे महिन्यात, गाडीत तीन मोठी माणसं आणि दोन मुलं. एवढ्या वापरानंतर ठामपणे सांगता येतं की वस्तू उत्तम आहे. पण ती गार करते की नुसती घरघरते, हे बरंचसं वायरवर आणि निघण्याच्या आदल्या रात्रीवर ठरतं. फ्रिज कुठल्या कंपनीचा, हा प्रश्न त्यानंतर येतो. म्हणून इथे नाव नाही. खाली लिहिलेलं या जातीच्या बहुतेक फ्रिजना लागू पडेल.

आधी एक घोटाळा मिटवू. ‘कार फ्रिज’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. स्वस्त आणि हलका असतो तो पेल्टियरवाला, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार होणाऱ्या चकतीवर चालणारा. त्यात कॉम्प्रेसर नसतो आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १५ ते २० अंश खाली जातो. मे महिन्यात डिकीत ४५ अंश असतील तर आत २५. दूध नासायला तेवढं पुरतं. कॉम्प्रेसरवाला मात्र घरातल्या फ्रिजसारखाच गॅसवर चालतो आणि बाहेर काहीही असलं तरी आत ३ अंश धरून ठेवतो. घ्यायचा तर हाच.

आता वीज. कॉम्प्रेसर चालू असताना हा फ्रिज ४ ते ५ अँपिअर ओढतो. बऱ्याच गाड्यांच्या सॉकेटवर १२ व्होल्ट, १२० वॉट असं लिहिलेलं असतं, म्हणजे १० अँपिअर. हिशोबाने भरपूर झालं. तरी अडचण येते ती प्लगमुळे. सिगारेट लायटरचा प्लग स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो. खड्ड्यांत तो हलत राहतो, टेकणं सैल होतं, तिथे उष्णता तयार होते. पाचव्या महिन्यात आमच्या प्लगच्या टोकाभोवतीचं काळं प्लास्टिक मऊ होऊन पिनवर ओघळलं होतं आणि मधली पितळी पिन आत रुतून बसली होती. फ्यूज उडाला नव्हता, कारण करंट जास्त नव्हताच. फक्त जोड सैल होता. त्यामुळे लांबच्या प्रवासात दर थांब्यावर प्लग उपसून बोटाने बघावा. कोमट लागला तर चालेल. चटका बसला तर तो सॉकेट वापरणं तिथेच थांबवा.

दुसरा त्रास वायरच्या जाडीचा. सोबत आलेली वायर बारीक, जेमतेम १ चौरस मिलिमीटरची. ४ मीटर लांबीच्या अशा वायरीत जाऊन-येऊन ५ अँपिअरवर सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास असतात, तेव्हा हे कळतही नाही. इंजिन बंद केलं की बॅटरी १२.३ वर येते, त्यातले ०.७ वायरीत, थोडे सैल प्लगमध्ये, आणि फ्रिजला दिसतात जेमतेम ११.२. फ्रिजच्या बॅटरी संरक्षणाला वाटतं बॅटरी संपत आली, तो पडद्यावर कोड दाखवून बंद पडतो. बॅटरी ठणठणीत असताना फ्रिज बंद पडतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. सर्व्हिस सेंटरला नेऊन उपयोग होत नाही, त्यांच्या टेबलावर तो व्यवस्थित चालतो.

उपाय एकदाच करायचा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून डिकीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र लाइन टाकून घ्यावी. याच लांबीत आता ०.२ व्होल्टही जात नाहीत. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा, डिकीजवळ नाही. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर फ्यूज तिला वाचवू शकत नाही आणि आग लागते. बॉनेटमधून आत येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच (भोकाच्या कडेला बसणारं कडं) यावी, टोकांना लग (धातूच्या टोप्या) दाबून बसवलेले असावेत, नुसते पीळ देऊन टेप मारलेले नकोत. डिकीत अँडरसन प्लग, म्हणजे दोन जाड भाग एकमेकांत घट्ट अडकणारा जोड. तो खड्ड्यांनी सुटत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी शोरूमला विचारून घ्या.

थेट लाइन घेतली की गाडी बंद करून चावी काढली तरी फ्रिज चालतो, आणि तिथेच बॅटरी उतरण्याची भीती. छोट्या पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते आणि स्टार्टिंगच्या बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त काढू नये. उन्हात उभ्या गाडीत फ्रिज सरासरी ३ अँपिअर खातो असं धरलं तर सहा तासांत १८ संपले. म्हणजे जेवणाचा दीड-दोन तासांचा थांबा बिनधास्त, रात्रभर मुळीच नाही. बॅटरी किती उतरल्यावर फ्रिजने बंद पडावं, याचे म्हणजे बॅटरी संरक्षणाचे तीन टप्पे असतात. गाडीच्या बॅटरीवर कायम वरचा, म्हणजे ‘एच’ ठेवायचा. खालचा टप्पा वेगळी जोड-बॅटरी असलेल्यांसाठी आहे. त्यावर ठेवला तर फ्रिज चालेल, सकाळी गाडी सुरू होणार नाही.

आदल्या रात्रीचं महत्त्व एका आकड्यात सांगता येतं. १ लिटर पाणी ३२ अंशांवरून ४ अंशांवर आणायला सुमारे ३३ वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. दहा बाटल्यांची झाली ३३०. हा छोटा कॉम्प्रेसर तासाला साधारण ६० वॉट-तास काढतो, म्हणजे पाच-सहा तास नुसते पाण्यातच गेले. सकाळी घाईत कोमट बाटल्या भरून निघालात तर चिपळूण येईपर्यंत मुलांना गार पाणी मिळणार नाही, आणि दोष फ्रिजला जाईल. रात्रीच २३० व्होल्टच्या अडॅप्टरवर रिकामा फ्रिज ३ अंशांवर लावून ठेवायचा, पाणी आणि ताक घरच्या फ्रिजमध्ये गार करायचं, निघताना पाच मिनिटांत भरायचं. मधल्या रिकाम्या जागेत गोठवलेल्या दोन बाटल्या. माणगावच्या वाहतुकीत तासभर अडकलं तरी आतलं तापमान ५ च्या वर जात नाही.

पडद्यावरचा आकडा आतल्या भिंतीजवळच्या सेन्सरचा असतो. ३ दिसत असताना तळाशी ० आणि झाकणाखाली ८ असू शकतात. भिंतीला टेकलेली काकडी गोठून पारदर्शक होते, नंतर मिळमिळीत लागते. आजी-आजोबांचं इन्सुलिन सोबत असेल तर ते भिंतीला आणि तळाला टेकता कामा नये: डब्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून, मधल्या उंचीवर, शेजारी एक साधा थर्मामीटर. २ ते ८ अंश हवेत. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप ते खाणं. ताक, दहीभात, कापलेलं कलिंगड हे तर आहेच. सोलकढी मात्र तयार करून नेऊ नका. गारव्याने नारळाचं तेल वर घट्ट साखळतं आणि ढवळलं तरी कण राहतात. आगळ बाटलीत, नारळाचं दूध वेगळं, थांब्यावर एकत्र करून वर मीठ-मिरची-कोथिंबीर. महामार्गाच्या कडेला ताडगोळे मिळाले तर घेऊन साल न काढता तासभर आत ठेवावेत. साल काढल्यावर आतलं पाणी गार आणि गोड लागतं, मुलं त्यानंतर शीतपेय मागत नाहीत. फणसाचे गरे मात्र दोन झाकणांच्या डब्यातसुद्धा ठेवू नयेत. दूध, लोणी, चॉकलेट, सगळ्याला फणसाचा वास लागतो. आणि हापूस! न पिकलेला आंबा १२-१३ अंशांच्या खाली गेला की सालीवर काळपट डाग पडतात आणि तो नीट पिकतच नाही. पेटी गवतासकट माणसांच्या शेजारी, एसीत. पिकलेला आंबा खाण्याआधी तासभर आत चालतो.

परतीचे मासे हा वेगळा विषय आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मेअखेरपर्यंतच हा लाभ. सुरमई साफ करून तुकड्या करून घ्याव्यात, चाळणीत पंधरा मिनिटं निथळाव्यात, कोरड्या कराव्यात आणि झिपच्या पिशवीत हवा काढून घट्ट डब्यात. फ्रिज ० वर. मालवण ते मुंबई साधारण ५०० किलोमीटर, बारा तास धरले तरी मासा ताजाच राहतो. गोठवण्याच्या मोहात पडू नका. उणे १८ वर लावलेला हा फ्रिज ५ किलो ताजी मासळी रात्रभरात पुरती गोठवू शकत नाही. बाहेरून कडक, आत मऊ राहते, आणि अशी अर्धी गोठलेली मासळी घरी आल्यावर तळताना फुटते. आधीच गोठलेला माल टिकवणं हे त्याला जमतं.

ठेवायचा कुठे? हॅचबॅक आणि एसयूव्हीत डिकीला एसीची हवा थोडी तरी मिळते. पार्सल ट्रे काढून टाकला की फरक लगेच कळतो. सेडानची डिकी बंद पेटी असते, तिथे कॉम्प्रेसर थांबतच नाही; फ्रिज मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला बरा. फ्रिजची गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या बाजूला चार बोटं जागा मोकळी हवी. बॅगा रचताना नेमकी तीच जाळी झाकली जाते, आणि ‘गार होत नाही’ ही तक्रार तिथूनच निघते. भरलेला फ्रिज ३० किलोपर्यंत जातो, त्यामुळे घाटात तो सरकू नये म्हणून दोन रॅचेट पट्टे हवेतच. सीएनजीची टाकी असलेल्या डिकीत याचा विचारही करू नका.

नऊ महिन्यांत बिघडलं काय? प्लग सांगितलाच. झाकणाची प्लास्टिकची कडी सातव्या महिन्यात तुटली. सुटा भाग मिळायला पाच आठवडे लागले, तोवर बॅगेचा पट्टा आवळून काम चाललं. आतला दिवा मंद झाला आहे. गार करण्यात काडीचाही फरक नाही. मुक्कामाच्या खोलीत रात्री कॉम्प्रेसर सुरू होताना टक् असा आवाज येतो, झोप सावध असेल तर तो बाथरूमबाहेरच्या प्लगवर लावावा. वळवाच्या पावसात कोकणात वीज जाते, तेव्हा झाकण न उघडता भरलेला फ्रिज तीन-चार तास सहज निभावतो.

वर्षातून एकच एका रात्रीची सहल असेल तर हा घेऊ नये, थर्माकोलची पेटी आणि ५ किलो बर्फ पुरेसा आहे. लहान मूल, औषधं किंवा तीन दिवसांहून लांबचा प्रवास असेल तर पैसे वसूल.

दमट हवेत आत दर दोन दिवसांनी तळाशी वाटीभर पाणी साठतं, ते फडक्याने टिपावं. मासे आणल्यावर १ लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पुसावं, आणि रबरी गॅस्केटच्या घडीत जुना टूथब्रश फिरवावा. वास तिथेच दडलेला असतो. पावसाळ्यात ठेवून देताना झाकणात फडक्याची घडी अडकवून ते दोन बोटं उघडं ठेवायचं, फ्रिज उभाच ठेवायचा, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास चालवायचा. चुकून आडवा झाला तर सहा तास उभा ठेवल्याशिवाय बटण दाबू नका, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली उतरायला तेवढा वेळ द्यावा.