स्लीप क्लिनिकमधलं ऑथ ट्रॅकिंग सॉफ्टवेअर: आठ महिने वापरून झाल्यावर

मी अमेरिकेत एका स्लीप क्लिनिकमध्ये इन्शुरन्सचं काम बघते. प्रायर ऑथोरायझेशन (उपचाराआधी इन्शुरन्सकडून घ्यायची मंजुरी, आम्ही नुसतं ऑथ म्हणतो) आणि सीपॅपचा, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणाऱ्या मशीनचा, डेटा एकाच स्क्रीनवर दाखवणारं हे सॉफ्टवेअर यायच्या आधी सगळं एका एक्सेल शीटमध्ये होतं, आणि उरलेलं माझ्या डोक्यात.

खरा फायदा झाला तो दिवस मोजायला. मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचा, नियम असा आहे की पहिल्या तीन महिन्यांत कुठल्याही सलग ३० दिवसांत ७० टक्के रात्री, म्हणजे २१ रात्री, किमान ४ तास मशीन लावलेलं पाहिजे, शिवाय ३१ ते ९१ व्या दिवसाच्या मधे डॉक्टरांची भेट होऊन फरक पडतोय असं नोटमध्ये यायला हवं. लवकर भेटलात तर ती भेट धरत नाहीत! आता ३१ वा दिवस उजाडला की पेशंटचं नाव पिवळं होतं आणि मी लगेच अपॉइंटमेंट लावते.

एक आजी होत्या, रोज ३ तास ४० मिनिटं, ३ तास ५० मिनिटं, एकही रात्र मोजली जात नव्हती. फोन केला तेव्हा कळलं, रात्री बाथरूमला उठल्या की मास्क परत लावायच्याच नाहीत. म्हटलं आजी, परत आल्यावर लावा, त्या रात्रीचे तुकडे एकत्र मोजतात. पुढच्या ३० दिवसांत २४ रात्री भरल्या. हे १८ व्या दिवशी दिसलं म्हणून जमलं, शीटवर मला ८० व्या दिवशी कळलं असतं.

न आवडलेलं म्हणजे एएचआयला (झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा कमी होतो तो आकडा) एकच रकाना. हायपॉप्निया, म्हणजे श्वास पूर्ण न थांबता कमी होणं, ३ टक्के ऑक्सिजन घसरण धरून मोजला की आकडा वेगळा, मेडिकेअरसारखा ४ टक्के धरून मोजला की कमी येतो. आमच्या एका पेशंटचा १६ चा ११ झाला, आणि १५ च्या खाली आलं की दिवसा झोप येणं, बीपी असं काहीतरी नोटमध्ये लिहिलेलं लागतं, ते नव्हतं. इन्शुरन्सकडून डिनायल, मग अपील, आणि तोवर तो माणूस मशीनशिवाय झोपतोय. हे मला आजही खटकतं.

फॅक्स काही सुटला नाही, तो वेगळाच.

रिन्यू करा असंच मी सांगितलंय, पण एएचआयला दोन रकाने हवेत ही मागणी लेखी देऊन. तोपर्यंत ४ टक्क्यांचा आकडा मी प्रत्येक केसच्या पहिल्या ओळीत हाताने टाइप करते.