बेळगावच्या टिळकवाडीतलं फिजिओथेरपी सेंटर: सायकल चांगली, पायऱ्या वाईट

अंगावरून वारं गेल्याला दीड वर्ष झालं. डावी बाजू. मी शहापुरातला शिंपी. कात्री उजव्या हाताची, पण कापड सरकवायला डावाच लागतो. आधी एका ठिकाणी सहा महिने शेक आणि हात-पाय वाकवणं चाललं. हात थोडा सुटला, जिन्यावरची धाप तशीच. मग मुलानं हे सेंटर शोधलं. चार महिने झाले, आठवड्याला तीन दिवस जातोय.

इथं आधी बीपी बघतात, चांगल्या हातावर, आणि दर वेळी. एकदा वरचा आकडा १८६ निघाला, तर सायकलीला हात लावू दिला नाही. सरळ डॉक्टरांकडे धाडलं, त्या दिवसाचे ३०० रुपयेही घेतले नाहीत. (गोळी दोन दिवस संपली होती. घरात बोललो नव्हतो.)

सायकल बसून मारायची, पाठीला टेका. डावा पाय घसरतो म्हणून पट्ट्यानं बांधतात. मी म्हटलं, मॅडम, ३५ वर्षं पायमशीन मारलंय, आणि तुम्ही मला पेडल शिकवता? तर म्हणाल्या, काका, त्यात कधी धाप लागली का? गप्प बसलो. धाप लागायला पाहिजे, पण बेतानं: बोलता यावं, गाता येऊ नये. माझ्या एका गोळीनं ठोके दबलेलेच असतात, म्हणून नाडीवर भरवसा ठेवत नाहीत. ६ ते २० मधला आकडा सांगायचा, किती कष्ट वाटतात त्याचा: ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे पार दम संपला. १४ च्या वर सांगितलं की पेडल हलकं करतात.

मला पटलं ते अस्तराचं. रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असतं म्हणे. धाप लागेपर्यंत हललं की रक्त जोरानं वाहतं, त्याच्या घासण्यानं अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि नळी सैल होते. बीपी, साखर, तंबाखू यांनी अस्तर बिघडतं, नळी ताठरते. आतलं अस्तर गेलेल्या कोटाला वरून इस्त्री मारून काय होतं, ते मला कुणी सांगायला नको. व्यायाम सोडला की फायदाही ओसरतो. आणि गोळ्या चालूच ठेवायच्या, हे त्यांनी दहादा बजावलंय.

पूर्वी दीडशेच्या आसपास असणारं बीपी आता १३२-१३४ असतं. सगळं श्रेय सायकलीला देणार नाही, लोणचंही सुटलंय. पण खडेबाजारात आता बाकडं शोधत नाही.

मॅडम बैलहोंगलच्या. सारखं "निधान, निधान" म्हणतात, म्हणजे कानडीत सावकाश. आमची मंडळी चंदगडची; तिनं "निदान" ऐकलं आणि नवीन रोग निघाला म्हणून पदर डोळ्याला लावला. पण सांगतात ते खरं. एकदा शेवटची पाच मिनिटं हळू न मारता तसाच उठलो, तर झोक गेला. पोरानं धरलं म्हणून वाचलो.

आता तक्रार. वारं गेलेल्यांच्या सेंटरला सात पायऱ्या, आणि कठडा फक्त चढताना डाव्या बाजूला! माझ्यासारख्यानं धरायचं कशानं? चार वेळा सांगितलं, "करतो" म्हणतात. सायकली दोनच, संध्याकाळी सात-आठ जण रांगेत. पावती मागावी लागते.

पाचात चार तारे. सकाळी अकराला जा, रांग नसते. दोन नंबरच्या रेल्वे गेटकडून येत असाल तर वीस मिनिटं हातची ठेवा, आणि पायऱ्यांसाठी कुणीतरी सोबत आणा.