डायमंड टी की शक्तिमान? जुना मिलिटरी ब्रेकडाऊन ट्रक घेण्याआधी

जुना मिलिटरी ब्रेकडाऊन ट्रक, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या उचलून ओढणारा क्रेनवाला ट्रक, हौसेनं उभा करायचं एकदा डोक्यात बसलं की माणूस फिरून फिरून दोन गाड्यांपाशी येतो. एक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन डायमंड टी ९६९. दुसरा आपला जबलपूरचा शक्तिमान, ज्याच्या पाठीवर लष्कराच्या लिलावात (डिस्पोजलमध्ये) गेल्यानंतर कुणीतरी क्रेन चढवलेली असते. फोटो शेजारी ठेवले तर शक्तिमान पहिल्याच फेरीत बाद होतो. डायमंड टीचं ते लांब नाक, मागचे दोन बूम (क्रेनचे हात), सहाही चाकांना जोर... कुणाचाही जीव अडकेल. पण गाडी नाशिकमध्ये राहून चालती ठेवायची असेल तर माझं मत शक्तिमानला आहे. एक क्रेन सोडून.

कारण क्रेनमध्ये डायमंड टीच्या आसपास शक्तिमान येत नाही. डायमंड टीवर होम्स कंपनीची डब्ल्यू-४५ क्रेन कारखान्यातूनच बसून यायची. दोन बूम, प्रत्येकी सुमारे ५ टन झेलणारे, डावी-उजवीकडे फिरणारे. रस्त्याच्या कडेला खड्ड्यात गेलेली गाडी ओढताना पलीकडच्या बूमचा रोप झाडाला बांधून ताणायचा, म्हणजे आपलाच ट्रक कलंडत नाही. यात हायड्रॉलिक काही नाही. गियर, क्लच, ड्रम आणि वायररोप, एवढाच कारभार. झीज डोळ्यांना दिसते, हाताला लागते. बुश झिजला तर सातपूर-अंबडच्या कुठल्याही चांगल्या लेथवर गनमेटलचा नवा करून मिळतो, गियरचा दात गेला तर नमुना देऊन गियर कापून मिळतो.

शक्तिमानवरच्या क्रेनला असं घराणं नसतं. गॅरेजवाल्यानं पुढ्यात जे लोखंड होतं त्यातून ती बांधलेली असते आणि ‘पाच टन आरामात उचलते’ हे विकणाऱ्याचं तोंडी प्रमाणपत्र असतं. बघायची जागा एकच : क्रेनचा खांब चासिसला जिथे मिळतो तिथे. चासिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग मारलेलं असेल, तर त्याच्या कडेनं रंग खरवडून बघा. केसासारखी चीर तिथेच सुरू होते. मोजून भार टाकून चाचणी होईपर्यंत ही क्रेन शोभेची समजा.

दोन्ही गाड्यांत विंचची (रोप गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची) शिअर पिन मात्र स्वतः वाकून बघाच. ही पिन मुद्दाम मऊ ठेवलेली असते. भार हाताबाहेर गेला की ती तुटते आणि रोप वाचतो. सारखी तुटते म्हणून वैतागून तिथे बोल्ट ठोकायची आपल्याकडे फार सवय. बोल्टच्या डोक्यावर ८.८ ही कडक पोलादाची खूण कोरलेली दिसली की समजा, आता तुटायची पाळी रोपाची आहे आणि ताणातला रोप तुटला तर माणसाला आडवा करतो. रोपावरून जुनं फडकं फिरवा, उघडा हात नको. जिथे फडकं अडकतं तिथे तारा तुटलेल्या असतात.

आता इंजिन, आणि इथे पारडं फिरतं. डायमंड टीमध्ये हर्क्युलिस आरएक्ससी हे ६ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ८.७ लिटर, ताकद १०६ अश्वशक्ती. गाडीचं वजन साडेनऊ-दहा टन. लिटरला एक किलोमीटर मिळालं तर देव पावला म्हणायचं. कॉम्प्रेशन कमी असल्यानं ऑक्टेनची चिंता नाही, पण पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉल जुने रबरी डायफ्राम आणि नळ्या खातं, ओलावा धरतं, आणि गाडी उभी राहिली की टाकी आतून गंजवतं. हौसेची गाडी उभीच जास्त राहते. फ्युएल लाइन, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग इथेनॉल सोसणारी घालून घ्या, आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा. बाकी सुटे भाग अमेरिकेतून मागवायचे, कस्टम भरायचं, वाट बघायची.

शक्तिमान जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपुरात बनू लागला. देवळालीच्या रस्त्यांवर तोफा ओढताना आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी तो पाहिलाय, त्यामुळे तो खोललेले हात अजून सापडतात. शिवाय डिझेल. ज्या गावात डिझेलचे पंप-नोझल बनवणाऱ्या मायको कंपनीवरून चौकालाच मायको सर्कल म्हणतात, तिथे पंप-नोझलचा जाणकार शोधायला लांब जावं लागत नाही. लायनर-पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम हे सगळं दहा-पंधरा किलोमीटरच्या आत होतं. माझ्या लेखी सौदा इथेच ठरतो.

मधला एक प्रकार भेटेल : मूळ इंजिन काढून देशी डिझेल बसवलेला डायमंड टी. स्वस्त असतो, मोह होतो. पण मूळपणाही गेलेला आणि आरसी बुकातला इंजिन नंबरही जुळत नाही, अशी दोन्हीकडून कोंडी असते. मी तरी घेणार नाही.

टायरचा त्रास फारसा नाही. ९.००-२० हा डायमंड टीचा साइज आपल्या ट्रकवाल्यांच्या ओळखीचा आहे. धोका आहे तो लॉक रिंगचा, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी कड्याचा. गंजलेली रिंग हवा भरताना उडते. लोखंडी पिंजऱ्याशिवाय हवा भरू देऊ नका, आणि चाक काढण्याआधी हवा पूर्ण सोडा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची.

कागदपत्रांत दोघांचं नशीब सारखंच फुटकं. ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नंबरप्लेट देणारे २०२१ चे नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकींना आणि खासगी प्रवासी चारचाकींना आहेत, ट्रक त्यात बसत नाही. म्हणजे साधी ट्रकचीच नोंदणी, तेच फिटनेस. आरसी नसलेली गाडी ‘नंतर बघू’ म्हणून घेतली की ती अंगणातच राहते. डायमंड टीचं स्टीअरिंग डावीकडे. कायद्यानं अशा गाडीला चालू स्थितीतलं सिग्नल दाखवणारं साधन लागतं. आणि रंग : मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह ग्रीन हा फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. रस्त्यावर आणायची असेल तर करडा किंवा मातकट रंग आधीच ठरवून टाका, नाहीतर रंगाऱ्याला दोनदा पैसे जातील.